पश्चिमेची भिंत

फुलाबाईने वाखाची दोरी कारवीच्या काठीवरून फिरवली, गाठ आवळली आणि उरलेलं टोक विळ्याने कापलं. ती शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होती. पश्चिमेच्या भिंतीवर गवताचे पाच तट्टे चढले होते. दोन खाली जमिनीवर पडून होते.

“उतर खाली,” मागून रतनबाई म्हणाली.

“येवढा चढवते नि उतरते, बाई.”

“चढवू नगंस. हैत ते बी काढून टाक.”

फुलाबाईने वळून पाहिलं. घरमालकीण बाजारातून आलेली दिसत होती. तिच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई लागली होती आणि ती तो अंगठा पदराच्या टोकाला पुसत होती.

“गवत सडकं हाय का काय? परवाच गुंजवण्यासनं आणलंय भावानं.”

“गवताचं न्हाई. इम्याचं हाय. कंपनीचं पत्र आलंय. भिंतीला गवत असंल तर इमा न्हाई. आग लागली तर छदाम मिळनार न्हाई.”

“आग?” फुलाबाई म्हणाली. “बाई, आखाडात हितं चूल पेटत न्हाई.”

रतनबाई हसली नाही. भोरच्या पश्चिम टोकाला असलेली ही चार खोल्यांची ओळ तिच्या नवऱ्याने बांधली होती आणि मरण्याआधी रखमाजी शेटकडे गहाण टाकली होती. गहाणखताची अट साधी होती. भाडेकरूंनी भाडं रतनबाईच्या हातात न देता रखमाजीच्या तेलाच्या दुकानात द्यायचं. तिथे कपाटात पितळेचे तीन डबे होते. प्रत्येक भाड्यातले तीन आणे घरपट्टीच्या डब्यात पडत, दोन आणे विम्याच्या डब्यात, आणि बाकीचे कर्जात. म्युनिसिपालटीची पट्टी आणि पुण्याच्या कंपनीचा आगीचा विमा रखमाजी स्वतः वेळेवर भरी. दोन्ही पावत्या रतनबाईला वाचून दाखवी, आणि वर्षअखेर डब्यांत शिल्लक राही ती मुद्दलात वळवी. त्याने कधी एक पै इकडची तिकडे केली नव्हती. असं चालत राहिलं तर दोन वर्षांत ओळ मोकळी होणार होती. तोवर रतनबाई भावाच्या घरी राहत होती, आणि भावजय ताटात काय वाढते आणि कशी वाढते ते रोज बघत होती.

“त्यो कंपनीचा मानूस बघून गेला की परत चढवू का?” फुलाबाईने विचारलं.

“कवा येईल त्याचा नेम न्हाई. गवत दिसलं की समदं बुडलं.”

“ही भिंत पांढरीच्या मातीची हाय, बाई. भिजली की तिची खीर हुती. आतल्या अंगाला मामंजींची खाट हाय.”

“सात सालं झाली भिंतीला. येका पावसानं काय हुतंय?”

“सात सालं तिला म्या कापड घातलंय म्हनून उभी हाय ती.”

रतनबाईने शिडीच्या पायाशी पडलेल्या दोन तट्ट्यांकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे. शाई निघाली नव्हती.

“खोली पायजे का नगं, त्येवढं सांग. नसरापूरचा येक जन ह्याच खोलीपायी दोनदा इचारून गेलाय.”

फुलाबाईने विळा उलटा धरला आणि पहिल्या गाठीत घातला.

बाकीच्या भोरला भिंती अशा झाकायची रीत नव्हती. फुलाबाईच्या माहेरी, राजगडाच्या पायथ्याला, एकही भिंत पावसाळ्यात उघडी जात नसे. ओळीचं छप्पर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे भिंतीच्या हातभर पुढे आलं होतं. पश्चिमेला कौलं भिंतीच्या चार बोटं पुढे येऊन थांबली होती, आणि वरंध्याच्या घाटाकडून येणारा वारा आधी याच भिंतीवर येई. लग्न होऊन ती या खोलीत आली तेव्हा पहिल्याच ज्येष्ठात तिने हे पाहिलं होतं, आणि भावाकडून गवत मागवलं होतं. त्याबद्दल रतनबाई एका भाड्यातले चार आणे सोडी.

खिडकीतून गेनबाने मान बाहेर काढली.

“काय गं, चढवता चढवता उतरवाया लागलीस?”

“इम्याला गवत चालत न्हाई, मामंजी.”

“इमा कशाचा?”

“घराचा. जळलं तर पैसं मिळत्यात.”

“आन भिजलं तर?”

तिने सुटलेली दोरी कोपरावर गुंडाळली. “त्येचं न्हाई मिळत.”

गेनबा हसला, आणि हसण्यातून खोकला निघाला. तो थांबायला बराच वेळ लागला. “मंग देवाला सांग,” तो म्हणाला, “पाठवायची तर आगच पाठव म्हनावं.”

गेनबाला दमा होता. खोलीत एकच खिडकी होती ती पश्चिमेला. दुसऱ्या टोकाला दार आणि दाराशी चूल. चुलीचा धूर छताशी साचे आणि मग हळूहळू खाली उतरे. खोलीत सगळीकडे खाट फिरवून पाहून झाली होती. त्याला श्वास घेता येई तो फक्त खिडकीखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून.

फुलाबाईचा नवरा कोंडिबा धरणावर बेलदार होता. पाऊस सुरू झाला की तिथल्या माणसांना घरी सोडत नसत. दारं कधी उघडावी लागतील याचा नेम नसे. गेनबाही त्याच धरणावर राबलेला होता. धरण बांधून झालं तरी तो पुढे काही वर्षं पाण्याची पट्टी वाचणाऱ्या साहेबाच्या हाताखाली होता. पट्टीवर पाणी कुठल्या रेघेला आहे ते रोज सकाळी ओरडून सांगायचं, एवढंच त्याचं काम. ते काम सुटून आठ वर्षं झाली होती, पण सकाळी उठल्यावर कशाकडे तरी बघून काहीतरी मोजायची सवय राहिली होती.

मृग कोरडाच गेला. आर्द्रा निघाल्या, वारा फिरला, आणि मग पाऊस थांबलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबाने फुलाबाईला हाक मारली. भिंतीच्या आतल्या अंगाला, जोत्यापासून वीतभर उंचीपर्यंत मातीचा रंग गडद झाला होता. वरची कड सरळ होती, कुणी आखून दिल्यासारखी.

“कोळसा दे,” तो म्हणाला.

तिने चुलीतला विझलेला तुकडा दिला. गेनबाने खाटेवरून वाकून त्या कडेवर आडवी रेघ मारली, कोपऱ्यातल्या लाकडी खांबापर्यंत. तिसऱ्या दिवशी ओल रेघेच्या वर आली होती. त्याने तिथे बोटं लावून पाहिलं.

“चार बोटं चढली,” तो साहेबाला सांगावं तसं म्हणाला, आणि दुसरी रेघ मारली.

फुलाबाई बाहेर गेली. वाऱ्याने येणारा पाऊस भिंतीवर तिरपा आपटत होता आणि मातीचं पाणी गढूळ होऊन जोत्यावरून ओघळत होतं. तिने भिंतीत अंगठा दाबून पाहिला. नख बुडालं. तिने घरात होती ती दोन पोती आणून आढ्याच्या टोकाला बांधली. संध्याकाळपर्यंत ती भिजून जड झाली आणि वाऱ्याने भिंतीवर घासायला लागली. जिथे घासत होती तिथली माती सुटून येत होती. तिने पोती काढली.

“आमच्यात आण बाबांना,” शेजारची खुर्शिदा म्हणाली. ती आणि तिचा नवरा शब्बीर दुसऱ्या खोलीत विड्या वळत. “निजू दे की दोन दिस. माझी पोरं काय खात न्हाईत त्यांना.”

सहाव्या दिवशी शब्बीरने गेनबाला पाठीवर घेऊन नेलं. खोलीत तंबाखूची बारीक धूळ होती, पावसामुळे दार लावलेलं. गेनबा भिंतीला टेकून बसला, आणि घटकाभरात त्याचे ओठ निळे पडले.

“बाबा, आमच्यात खोकायचं तर बिडी वढून खोकावं,” खुर्शिदा म्हणाली. तिचा हात त्याच्या पाठीवरून वरखाली फिरत होता. “फुकट खोकल्यालं आमचे हे ऐकून घेत न्हाईत.”

“उधारीवर दे येक,” गेनबा म्हणाला. मग त्याला बोलता येईना. शब्बीरने त्याला परत खिडकीखाली आणून ठेवलं.

तिसरी खोली रिकामी होती. तिथला भाडेकरू वैशाखात सोडून गेला होता. त्या खोलीलाही खिडकी होती, आणि आत चूल पेटत नव्हती. दाराला रखमाजीचं कुलूप होतं.

दहाव्या दिवशी फुलाबाई वरच्या आळीत गेली. रतनबाई भावाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती.

“भिंत फुगलीया, बाई. मधूनच पोट आल्यावानी झालंय. तिसरी खोली उघडून द्या. पाऊस उघडंपातूर. म्हाताऱ्यापुरती.”

“किल्ली माझ्यापाशी न्हाई.”

“तुमी शेटजींना सांगा.”

रतनबाईने आत पाहिलं. भावजय दाराच्या आड उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. रतनबाईने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

“रिकामी खोली कुनी वापरली तर तिचं भाडं धरत्यात. न्हाई दिलंस तर ते माझ्या नावावर लिवत्यात. माझं मी बघू का तुझ्या म्हाताऱ्याचं?”

“मंग गवत तरी लावू द्या. भावानं आणल्यालं तट्टे तसंच पडल्यात.”

“आन तो मानूस आला तर?”

फुलाबाई उभी राहिली. रतनबाईने सूप हलवलं. “येका पावसानं भिंती पडत न्हाईत,” ती पुन्हा म्हणाली, सुपाकडे बघत.

अकराव्या दिवशी सकाळी गेनबाने रेघ मारली तेव्हा त्याला खाटेवर उठून बसावं लागलं. रेघ खिडकीच्या चौकटीला भिडली होती.

“किती?” फुलाबाईने विचारलं.

“भरत आलं,” तो म्हणाला. “आता दारं उघडाया पायजेत.”

ती खुर्शिदाकडे गेली. खुर्शिदाने काही विचारलं नाही, विड्यांच्या पैशातला एक रुपया काढून तिच्या हातावर ठेवला. फुलाबाई घोंगडीची खोळ घेऊन बाजारात गेली.

रखमाजी दुकानात एकटाच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो मध्ये बोलला नाही, आवाज चढवला नाही.

“अर्धा महिना धरू,” तो म्हणाला. “पूर्ण महिना धरणं बरोबर होणार नाही. एक रुपया.”

तिने रुपया ठेवला. त्याने तीन डबे काढले, रुपया मोडला, आधी घरपट्टीचे आणि विम्याचे आणे वेगळे केले, ते दोन डब्यांत टाकले, बाकीचे तिसऱ्यात. मग पावतीचं पुस्तक घेतलं.

“किल्ली द्या, शेटजी. पावती मागनं नेते.”

“पावतीशिवाय पैसे घेत नाही मी. तुझ्याच सोयीसाठी आहे.”

त्याचं अक्षर सुरेख होतं आणि तो ते सावकाश काढी. तिचं नाव, खोलीचा नंबर, तारीख. सही केल्यावर त्याने टिपकागद लावून शाई सुकवली, कागद उचलून उजेडात पाहिला, पुन्हा टिपला. पावसात भिजू नये म्हणून त्याने पावतीची घडी तेलकट कागदात गुंडाळून दिली. त्यावर किल्ली ठेवली.

ओळीसमोर माणसं उभी होती. छपराची पश्चिमेकडची कौलं खाली आली होती आणि खोलीच्या त्या बाजूने आभाळ दिसत होतं. शब्बीर आणि दोघे जण घमेल्यांनी माती उपसत होते. माती ओली होती, घमेल्याला चिकटून बसत होती, प्रत्येक वेळी हाताने खरवडून टाकावी लागत होती. खुर्शिदाने फुलाबाईच्या हातातली किल्ली पाहिली आणि तोंड फिरवलं.

भिंत आतल्या अंगाला पडली होती. खिडकीची चौकट मात्र सरळ उभी खाटेवर बसली होती. गेनबाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी म्युनिसिपालटीचा कारकून दोन पंचांना घेऊन आला. कोंडिबा धरणावरून आला होता. त्याने डोकं भादरलेलं होतं आणि तो जोत्याच्या दगडावर बसून होता. लाकडी खांबाला लागून भिंतीचा हातभर रुंद तुकडा तेवढा उभा होता. कारकून त्याच्याजवळ वाकला.

“या रेघा कोणी मारल्या?”

“मामंजींनी,” फुलाबाई म्हणाली. “ओल चढायची तशा.”

त्याने पेन्सिलीच्या टोकाने खालून वर मोजल्या. “दहा आहेत.”

“अकराव्या दिसापातूर मारल्या. पयला दिस सोडून.”

“म्हणजे ओल चढते आहे हे घरात दहा दिवस माहीत होतं.” त्याने लिहिलं. “तरी राहिलात.”

“जायाचं कुठं, रावसाहेब?” कोंडिबा म्हणाला.

कारकुनाने मान वर केली, पण हे लिहिलं नाही. “भिंतीला गवत बांधत होता असं शेजारी सांगतात. ते कोणी काढलं?”

“तिनंच,” रतनबाई म्हणाली. ती सगळ्यांच्या मागे उभी होती. “तिच्या हातानं काढलं. इचारा तिला.”

कारकुनाने फुलाबाईकडे पाहिलं.

“व्हय,” ती म्हणाली. “म्या काढलं.”

त्याने तेही लिहिलं.

दुपारी सगळे रखमाजीच्या दुकानात होते. फुलाबाई आणि कोंडिबा तिसऱ्या खोलीची किल्ली परत द्यायला आले होते. मधले दिवस खुर्शिदाकडे काढल्यावर धरणावरच्या झोपड्यांत त्यांना जागा मिळाली होती. रतनबाई आधीच येऊन बसली होती.

“इम्याचं काय मिळंल, शेटजी?”

“विमा आगीचा आहे,” रखमाजी म्हणाला. त्याने कपाटातून कागद काढला आणि बोट ठेवून इंग्रजीतून मराठीत सांगितलं. “आग आणि वीज. पाऊस नाही.”

“मंग भिंत?”

“भिंत बांधावी लागेल. नाहीतर उरलेल्या खोल्याही जातील. खर्च मी करतो, कर्जात धरतो.” त्याने कागदावर आकडे मांडले. “दोन वर्षांचं सहा वर्षांवर जाईल. पश्चिमेची खोली लवकर भाड्याने गेली तर पाच.”

रतनबाई त्या आकड्यांकडे बघत होती. तिला ते वाचता येत नव्हते.

“तुमच्या इम्यापायी भिंत गेली माझी,” ती शेवटी म्हणाली. “तुमीच म्हनालावता, गवत काढा.”

रखमाजीला राग आला नाही. त्याने दुसरी वही काढली, पान शोधलं आणि वाचलं. “ज्येष्ठ वद्य तृतीया. कंपनीचं पत्र मालकिणीस वाचून दाखवलं. भिंतीचं गवत काढावं, किंवा पावसाच्या चार महिन्यांसाठी जादा हप्ता एक रुपया चौदा आणे भरावा. मालकिणीने सांगितलं, जादा हप्ता नको, गवत काढते.” त्याने वही फिरवून तिच्यासमोर धरली. खाली निळा अंगठा होता.

रतनबाईने डावा हात पदराखाली घेतला.

“तुमीच म्हनालावता, वाचलेलं मुद्दलात जातंय म्हनून.”

“गेलं की. हे इथे. एक रुपया चौदा आणे, मुद्दलात जमा.”

फुलाबाई वहीतल्या अंगठ्याकडे बघत होती. त्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या, एकात एक.

“येक रुपाया चौदा आणे,” ती म्हणाली. “समद्या पावसाचं?”

“पूर्ण हंगामाचे.”

“त्येवढं म्या दिलं असतं.”

रखमाजीने दौतीला झाकण लावलं. “तू भाडेकरू. पत्र मालकिणीला वाचून दाखवायचं असतं.” मग आठवल्यासारखं करून त्याने डबे काढले, घरपट्टीच्या डब्यातून आणि विम्याच्या डब्यातून आणे मोजून घेतले, बाकीचे तिसऱ्यातून, आणि एक रुपया पुरा करून तिच्यासमोर ठेवला. “तिसरी खोली वापरली गेली नाही. हे परत.”

कोंडिबाने तो उचलला नाही. फुलाबाईने उचलला. खुर्शिदाचा होता.

निघताना रखमाजी रतनबाईला सांगत होता, “तो पुण्याचा माणूस गेल्या आठवड्यात निघाला होता. नसरापूरपर्यंत आला आणि पाऊस बघून माघारी फिरला. आता यंदा येत नाही म्हणून लिहिलंय.”

पुढच्या ज्येष्ठात खुर्शिदाकडून निरोप आला. रतनबाई बोलावते आहे, तट्टे बांधायचे आहेत, औंदा जादा हप्ता भरला आहे. फुलाबाईने भावाला कळवलं. बाजाराच्या दिवशी त्याच्या बैलगाडीवर सात तट्टे घालून ती ओळीपाशी आली.

भिंत नवी होती. पांढरीचीच, पण नीट लिंपलेली, खिडकी जुनीच बसवलेली. आत खिडकीखाली खाट होती. चुलीपाशी रतनबाईचा पितळी तांब्या आणि दोन पातेली होती. मेलेल्या माणसाची खोली म्हणून पश्चिमेच्या खोलीला भाडेकरू मिळाला नव्हता. कर्ज वाढलं तसं भावजयीने ताट वेगळं केलं, आणि मग भावाने सांगितलं की स्वतःच्या चार खोल्या असताना बहिणीने दुसऱ्याच्या घरी का राहावं.

“बरी हायस का?” रतनबाई म्हणाली. ती लगबगीने बाहेर आली होती. “कोंडिबा बरा हाय ना? बस. च्या टाकते.”

“नगं.”

“हप्ता भरलाय औंदा. ही बघ पावती. गवत चालतंय आता.” ती घडी उलगडायला लागली, मग तशीच धरून राहिली. “मला आत झोपच येत न्हाई बघ. वारा आला की भिंतीकडंच ध्यान जातंय. तू येकदा बांदलंस म्हंजे मी सुटले.”

फुलाबाईने भावाला खूण केली. त्याने तट्टे उतरवून भिंतीला टेकवले. गवत कोरडं होतं, कारवीच्या काठ्या सारख्या जाडीच्या, कडा कापून सरळ केलेल्या.

“मजुरी काय घेशील?” रतनबाईने विचारलं.

“येक रुपाया चौदा आणे.”

रतनबाई हसायला लागली. मग तिने फुलाबाईचा चेहरा पाहिला.

“मी चार आणे सोडायची तुला.”

“व्हय. सोडायच्या.”

“माझ्यापाशी आठ आणे हैत, फुला. समदे मिळून. भाडं तिकडंच जातंय, तुला ठावं हाय.” तिने कमरेची पिशवी सोडून दाखवली. “ऱ्हायल्यालं दिवाळीला देते.”

फुलाबाईने मान डोलावली. “तट्टे ठिवते. त्याचं काय देऊ नगा. बांदून घ्या कुनाकडनं तरी.”

“हितं कुनाला येतंय? तुझ्यावानी गाठ कुनी मारत न्हाई. वाऱ्यानं दोन दिसांत खाली येत्यात.”

“येत्यात.”

फुलाबाई खोलीत गेली. तिने चुलीपाशी बसून राख बाजूला केली, बोटाएवढा विझलेला कोळसा निवडला, फुंकून साफ केला आणि खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवला. खाटेवर पडल्या पडल्या हात पोचेल असा.

“रोज सकाळी ओलीच्या कडंला रेघ मारायची,” ती म्हणाली. “मामंजी मारायचे तशी. म्हंजे कळतंय किती चढली ते.”

रतनबाई दारात उभी होती. तिच्या हातात पावती होती. ती कोनाड्याकडे बघत राहिली.

फुलाबाई बाहेर आली. भावाने बैल फिरवले होते. तिची बोटं कोळशाने काळी झाली होती. लुगड्याला लागू नये म्हणून तिने जाता जाता ती पश्चिमेच्या भिंतीला पुसली, जोत्यापासून वीतभर उंचीवर, आणि गाडीत जाऊन बसली. नव्या लिंपणावर चार बोटं उमटली होती.